आंदणाची शेळी

१२ जानेवारी

परत ताप. सकाळी काही नाही, दुपारी काही नाही, दिवेलागणीला येतो, कंपनीची पाळी सुटल्यासारखा वेळेवर. मग घाम. पोलकं पिळून घ्यावं एवढा. कंबर आणि उजवा खुबा धरलेला. बसले तर उठवेना, उठले तर बसवेना.

सून म्हणते, "वय झालं आई." वय सकाळी पण तेवढंच असतं की. संध्याकाळीच कसं वाढतं?

संगीता वाईट नाही. ती बोलते ते ऐकू नये, करते ते बघावं. शेळ्यांना पाला आज तिनेच टाकला.

१५ जानेवारी

पूनमचा फोन. तिळगूळ पोचला. दिलीपची थोरली, माझी नात, गेल्या वर्षी माकुणसारला दिली. सासरची वाडी आहे, माणसं चांगली, फक्त जोरात बोलतात. सातवा लागलाय तिला. पुढच्या महिन्यात ओटी भरायची आणि इकडे आणायची. पहिलं बाळंतपण माहेरचं. कॉटची जागा मी बघून ठेवली आहे, खिडकीपासून लांब. कंपन्यांचा वास रात्री तिकडूनच येतो.

म्हणाली, "आजी, तुझी काळी मस्त आहे. पोट जमिनीला टेकतंय."

दिवाळीला तिच्याबरोबर आंदण म्हणून गाभण शेळी दिली होती, कपाळाला कुंकू लावून. तिची सासू हसून हसून दमली. "फ्रीज नाय, टीव्ही नाय, आन् शेली आनली आंदनात!" म्हटलं, फ्रीज दूध देतो का? बाळंतीण उठायच्या आत शेळी दुधाला येईल असा हिशोब करून दिली आहे. आता तीच काळीला गूळ घालते म्हणे.

मला ताप येतो ते पूनमला सांगितलं नाही. पोटुशीच्या कानावर काय घालायचं.

१९ जानेवारी

दवाखाना. दिलीप सुट्टी टाकून घेऊन गेला, वाटेभर तोंड वाकडं. मलेरिया निघाला नाही. टायफॉइड निघाला नाही. मग निघालं काय? अशक्तपणा. सलाईन लावली. मीठपाणीच ते, घरी तोंडाने प्याले असते, सुई तरी वाचली असती.

दिवाळीपासून चाललंय हे. म्हणजे तेव्हा वाटायचं, फराळाच्या कामाने अंग मोडलंय.

२३ जानेवारी

गोरी शेळी गाभडली, दिवस भरायच्या आधीच. दोन पिल्लं, केस आलेले, जीव नाही. एक अडकलं होतं. मनगटापर्यंत हात घालून ओढलं. वार पण सुटेना, ती पण हातानेच काढली. हे काम मला सोडून इथे येतं कोणाला? सांगोल्याहून नवऱ्याच्या मागे इकडे आले तेव्हापासून गल्लीतल्या शेळ्यांची बाळंतपणं माझ्याकडेच. बायका माणसाच्या बाळंतपणाला गाडी बोलावतात, शेळीच्या बाळंतपणाला मला.

वार उकिरड्यावर टाकली. कुत्र्यांनी नेली.

दिवाळीच्या आधी बांडी गाभडली होती, आता ही. संगीताने मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. ज्याची नजर लागली त्याला ठसका लागतो म्हणे. मलाच लागला.

२७ जानेवारी

ग्रामपंचायतीचा भोंगा फिरला. गुरांच्या दवाखान्याचं शिबिर, समाजमंदिरात, शेळ्या पाळणाऱ्या बायांसाठी. चहा-बिस्कीट आहे म्हणून सगळ्या गेल्या. मी पण.

शिकवायला एक पोरगी. डॉक्टरीण अजून पुरती झालेली नाही, शेवटचं वर्ष दवाखान्यात काढावं लागतं. वाशिमकडची. चष्मा, पांढरा कोट, उंची माझ्या खांद्याला. मी मनात बारकी डॉक्टरीण नाव ठेवलं. (पुढे बा.डॉ. लिहीन, एवढं लांब कोण लिहिणार.) मागे खुर्चीत तिचे साहेब, डोळे मिटून. ऐकत होते का झोपले होते, देवाला माहीत.

पोरगी कागदातून वाचायला लागली, प्राण्यांपासून मानवास संक्रमित होणारे असं काहीतरी. बायका बिस्किटांकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "पोरी, आमच्यात बोल. शेळीला कळेल असं बोल." हशा. पोरगी लाल झाली. साहेबांचा एक डोळा उघडला.

कागद खाली ठेवला तिने. मग बोलली. शेळी गाभडली तर वार, पिल्लू, पाणी, काही उघड्या हाताला लागू द्यायचं नाही. मोजे नसले तर प्लास्टिकची पिशवी चढवा. खोल खड्डा, वर चुना. कुत्र्याला नको. दूध उकळल्याशिवाय तोंडाला नको.

विचारलं, "तू स्वतः अडलेली शेळी मोकळी केलीस का कधी?"

"दोनदा, आजी. दोन्ही वेळा सर मागे उभे होते."

खोटं बोलली नाही. तेवढं आवडलं.

शेवटी म्हणाली, ज्या घरात शेळ्या गाभडतात आणि त्याच घरात कोणाला संध्याकाळचा ताप येतो, घाम फुटतो, कंबर धरते, त्यांनी मला येऊन सांगा. सगळ्या बाया वळल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मेल्यांना मी कधी काय सांगितलं होतं?

मी बिस्कीट खाल्लं.

२९ जानेवारी

बा.डॉ. दारात. स्कूटी, त्यावर थर्माकोलचा डबा. शेवंताने सांगितलं असणार, शेजारीण कसली, आकाशवाणी आहे.

चारी शेळ्यांचं रक्त काढलं. गोरीने शिंग मारलं तिला, तरी सोडलं नाही. मग माझ्याशेजारी ओट्यावर बसली आणि पोलिसासारखं विचारायला लागली. पहिली कधी गाभडली? वार कोणी काढली? ताप तेव्हापासून का? दूध कच्चं पिता का?

म्हटलं, धारोष्ण पिते. उकळून त्यातलं सत्त्व घालवायचं होय?

तिने चष्मा काढून पुसला.

"यातली कोणाला विकली का शेळी, आजी? इतक्यात?"

नाही विकली. मी शेळी विकत नाही.

माझ्या अंगाला हात लावला नाही तिने. म्हणाली, "मला माणसाला तपासायचा अधिकार नाही. मी चिठ्ठी देते, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. एका रक्ताच्या तपासणीचं नाव लिहिलंय फक्त."

जाताना अंगठ्याला पट्टी दिसली. विचारलं. वासरांना याच गाभडायच्या रोगाची लस टोचताना सुई स्वतःला लागली म्हणे. शेळ्यांना नाही टोचत ती, वासरांनाच. लस जिवंत असते. म्हणून तीच गोळ्या खाते आहे, तीन आठवडे.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

बरं केलंस म्हटलं. मी पण नाही सांगत कोणाला.

१ फेब्रुवारी

माणसांचा डॉक्टर. चिठ्ठी वाचली आणि भुवया वर. "आता गुरांचे डॉक्टर माझ्या पेशंटला औषध सांगणार का?"

दिलीप खाली बघायला लागला. मी म्हटलं, "औषध नाही सांगितलं, तपासा म्हणाली. मी राहते शेळ्यांत आणि झोपते माणसांत. मला दोघं लागतात."

नर्स हसली. तो हसला नाही, पण लिहून दिलं. बाहेर बाकांवर ही गर्दी, त्यातला प्रत्येक जण तापच घेऊन आलेला. तो तरी कोणाकोणाला विचारेल, घरी शेळी आहे का म्हणून.

रक्त मुंबईला जाणार.

४ फेब्रुवारी

आज अंग इतकं जड की कुठल्याही गोष्टीचा राग आला नाही. हीच खरी काळजी.

५ फेब्रुवारी

गुरांच्या दवाखान्यात बोलावलं. पांढऱ्या पत्र्यासारखी एक ताटली, तिच्यावर गुलाबी रंगाचे थेंब. एकेका थेंबात एकेका शेळीच्या रक्तावरचं पाणी काढून मिसळलेलं. बा.डॉ.ने ताटली हातात धरून हळूहळू हलवली, लहान मूल झोपवावं तशी. एक थेंब साफ राहिला. बाकी तिन्हींत रवा पडल्यासारखे दाणे झाले.

दाणे झाले म्हणजे रोग आहे.

साफ राहिली ती छोटी पाठ, अजून एकदाही गाभण न राहिलेली. गोरी, बांडी आणि म्हातारी शेळी तिघी दाणेवाल्या.

मोठे साहेब खुर्चीतून उठले, तर माझ्यासारखेच कंबर धरून उठले. म्हणाले, "आमच्या धंद्यात हा ताप घरजावई आहे, आजी. मला तरुणपणी आला. अजून थंडीत भेटायला येतो." नावही सांगितलं त्याचं, ब्रुसेला. मग म्हणाले, "शेळी गाभडते ते आमच्याकडे येतं, माणसाला ताप येतो ते तिकडे जातं. निघतात एकाच घरातून, पण वाटेत एकमेकांना ओळख देत नाहीत. म्हणून या पोरीला आता मी शिबिराला पुढे करतो. मला लोक ऐकत नाहीत, मी झोपतो."

म्हणजे झोपलेच होते.

८ फेब्रुवारी

माझा रिपोर्ट. आहे. तोच.

डॉक्टरने आज खुर्ची पुढे सरकवली. दोन गोळ्या, दीड महिना, एक पण चुकवायची नाही. लाल गोळीने लघवी केशरी होईल, घाबरू नका. म्हटलं, या वयात रंगपंचमी, घाबरायचं काय त्यात. आता हसला. म्हणाला, "त्या मुलीचा नंबर द्या मला. तापाचे अजून दोघं आहेत माझ्याकडे, निदान लागत नाही."

घरी येईपर्यंत शेवंताने लाल गोळी बघितली. संध्याकाळी गल्लीभर, आजीला टीबी झाला. खोलीत भाड्याने राहतात ती युपीची पोरं दारातूनच विचारतात, "अम्मा, ठीक हो ना?" आणि तोंडावर रुमाल.

म्हटलं, टीबी नाय रे, बकरीवाला बुखार. ते अजून एक पाऊल मागे.

१० फेब्रुवारी

बा.डॉ. आली. दिलीप आणि संगीताचं रक्त घ्यायला सांगून गेली. घर बघितलं, गोठा बघितला, उकिरडा बघितला. मग कॉट बघितली.

"ही कोणासाठी?"

सांगितलं. नात येणार, सातवा संपत आला.

एकेक शब्द ठेवून बोलली. हा रोग पोटुशीला वाईट. शेळीचं होतं ते बाईचं होऊ शकतं. गोठा साफ होईपर्यंत, शेळ्यांची सोय लागेपर्यंत, तिला इथे आणू नका.

संगीता रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, अजून काही झालं नाही. पण आवाज माझा मला वेगळा वाटला.

११ फेब्रुवारी

फोन मीच केला. पूनमला म्हटलं, यायचं नाही. ओटी तिकडेच भरा.

"आजी, काय केलं मी?"

काही नाही केलंस. घरात आजार आहे. तू तिकडेच बरी. चांगली हवा, चांगली माणसं, तिथून हलू नकोस.

मग सासूने फोन घेतला. तिचा आवाज फोन नसता तरी आला असता. "आमच्या पोरीला म्हायेर नाय काय? पयल्या बालंतपनाला नको बोलता? लोकं काय बोलतील, तिच्या म्हायेरच्यांनी हात झटकले? आमी करू, आमाला जड नाय ती!" आणि ठेवला.

"आमच्या पोरीला" म्हणाली. एवढं एक ऐकून घेतलं.

संध्याकाळी ताप कमी. बरं वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी

दिलीप म्हणतो, तिन्ही शेळ्या बाजारात काढू, पालघरला नाहीतर मनोरला. कोणाला काय कळतंय.

म्हटलं, कळतं. माझ्यासारख्या दुसऱ्या कुठल्या बाईला ताप आला की कळतं.

दिलीप वाईट पोरगा नाही, थकलाय. कोणीच वाईट नाही, सगळे थकलेत, हाच घोळ आहे या घरात.

१६ फेब्रुवारी

मोठे साहेब, बा.डॉ., आणि खड्डा खणायला दिलीपच्या कंपनीतली दोघं. गोठ्यामागे. चुन्याच्या गोण्या.

इंजेक्शन दिलं. म्हातारी पटकन गेली. बांडी पण. गोरी माझ्याकडे बघत उभी, पाला मागत होती. मी दिला. खाता खाता बसली.

तिन्ही इंजेक्शनं बा.डॉ.नेच दिली. साहेब नुसते मागे उभे राहिले.

छोटी पाठ वेगळी बांधली. महिन्याने परत रक्त बघणार.

शेवटी साहेब हात धुवत विचारत होते, सवयीने, "एकूण एवढ्याच ना, आजी? या घरच्या?"

एवढ्याच म्हटलं. या घरच्या एवढ्याच.

१७ फेब्रुवारी

चहा करत होते. दूध उतू चाललं, गॅस बारीक केला, आणि काळी आठवली.

काळी.

बांडी गाभडली तेव्हा एकाच दाव्याला बांधलेल्या दोघी. काळी तेव्हाच दोन महिन्यांची गाभण होती. दिवाळीला कुंकू लावून मीच गाडीत चढवली. विकली का विचारलं, नाही म्हटलं, विकली नव्हतीच. एवढ्याच का विचारलं, एवढ्याच म्हटलं. आंदणात दिलेलं आपलं धरत नाहीत आमच्यात. मुलीला दिलं ते तिकडचं झालं. मोजायचं नसतं, परत तोंडावर आणायचं नसतं. मी मोजलंच नाही.

आणि पोरीला काय सांगितलं? तू तिकडेच बरी. हलू नकोस.

गॅस बंद केला. चहा कोणी प्याला नाही.

पूनमला फोन, लागत नाही. सासूला केला, उचलत नाही. परत केला. परत. जावयाचा बंद, तो केळव्याला पाहुण्यांच्या हॉटेलवर कामाला असतो, तिथे फोन ठेवून घेतात.

बा.डॉ.ला लावला. तिने पहिल्या घंटीला घेतला.

"आजी, ती व्याली का?"

मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

साहेबांची जीप, पुढे मी, मागे बा.डॉ. तो थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन. साहेब आज जागे होते. मी मनात देवीला सांगत होते, अजून व्यायला नको. मग वाटलं, देवी तरी काय, तिला पण शेळीच देतो आपण.

वाडीत शिरलो तर काळी सुपारीच्या झाडाला बांधलेली. दोन पाठी तिला ढुशा देत होत्या. जिवंत, चकचकीत, उड्या मारत. पूनम ओट्यावर बसून हसत होती. "आजी! आजच कशी आलीस? परवा व्याली बघ. दोन्ही पाठी!"

विचारलं, हात कोणी लावला?

"मम्मींनी काढली. मी दिवा धरला." सासूला ती मम्मी म्हणते.

सासू बाहेर आली, पदर खोचून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता कशाला आल्या? बघायला, आमी पोरीला उपाशी ठेवतो का?" आणि मग, जिंकल्यासारखं, "सकालीच पेलाभर दिला तिला. तुमीच सांगितलेला ना दिवालीला, शेलीचा दूध धारेचाच प्यायचा, उकलायचा नाय. तुमचा शब्द मोडला नाय आमी."

तो पेला ओट्यावरच पालथा होता.

मी खाली बसले. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

कालचं उरलेलं.

बा.डॉ. बोलली सासूशी. मला वाटलं, आता ही बाई बा.डॉ.ला हाकलणार. पण पोरगी कोट न घालता गेली होती, चुलीपाशी जाऊन बसली. तिने ना रोगाचं नाव घेतलं, ना कोणाचा दोष काढला. स्वतःचा अंगठा दाखवला. सुई कशी लागली, गोळ्या कशा घेते, आईला कसं सांगितलं नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही व्यायला लावलीत ना तिला? मग आधी तुमचं रक्त बघायला हवं. मग वहिनीचं." सासू ऐकत होती. शिबिरात कागद वाचायची तीच का ही?

मग सासू उठली, पेला उचलला, आणि चुलीवर पाणी ठेवून त्यात उकळत टाकला. माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता येतंय.

"आजी, तुमाला तरी काय म्हाईत व्हतं," म्हणाली. "उठा. जेवून जा."

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

काळीचं रक्त घेतलं. काय निघणार ते मला ठाऊक होतं.

२२ फेब्रुवारी

काळीत दाणे. साहेब गेले आणि इंजेक्शन देऊन आले, दोन्ही पाठींसकट. मी गेले नाही. पूनमला आतल्या खोलीत बसवली होती म्हणे. सासूने चुना स्वतः पसरला, हातात पिशव्या घालून.

दिलीप, संगीता दोघांचं साफ आहे. संगीताला दुधाचा वास आवडत नाही म्हणून वाचली. मी तिला यावरून किती बोलले होते.

२६ फेब्रुवारी

सासूचं साफ. पण परत बघायचं, एवढ्यात दिसत नाही.

पूनमचं धड हो नाही, धड नाही नाही. काठावर. माणसांचा डॉक्टर, पालघरची बायकांची डॉक्टरीण आणि बा.डॉ.चे साहेब तिघं फोनवर बोलले म्हणे, माझ्या नातीबद्दल. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पोटुशीला चालतील अशा गोळ्या आजपासून लावल्या, वाट न बघता. परत रक्त घेणार, ते मोठ्या ठिकाणी जाणार.

विचारलं, गोळ्यांनी वाचेल ना?

बा.डॉ. म्हणाली, "लवकर कळलं तर बहुतेक वेळा वाचतं."

"बहुतेक" कशाला म्हणतेस?

"कारण खोटं बोलता येत नाही मला, आजी."

पहिल्या दिवशी हेच आवडलं होतं तिचं. आज आवडलं नाही.

३ मार्च

नवापूरला कोळीवाड्यात शिबिर होतं. बा.डॉ. म्हणाली, चला, तुम्ही बोललात तर ऐकतील. म्हटलं मी काय बोलणार, मला खुर्चीतून उठवत नाही. "बसूनच बोला."

बसून बोलले. वार उघड्या हाताने काढू नका. दूध उकळा. आणि डॉक्टर विचारेल किती शेळ्या, तर दिलेल्या पण सांगा. अर्धलीने म्हणजे पिल्लं निम्मी वाटून घ्यायच्या बोलीवर दिलेल्या, आंदणात दिलेल्या, नवसाला सोडलेल्या, सगळ्या. एक बाई मागून म्हणाली, "दिलेली कशी मोजायची, आजी? अपशकुन."

माझी नात काठावर आहे, एवढंच म्हटलं. मोजली असती तर नसती.

मग चहा आला. मला नको वाटला.

८ मार्च

ताप गेलाय. आज दिवे लागले तरी आला नाही. चोर गेला आणि मी दार उघडून बसले आहे असं वाटतंय. सांधे तेवढे धरून आहेत.

गोठा रिकामा. छोटी पाठ ओरडते एकटी. परवा खोलीतला एक पोरगा रुमाल काढून तिला पाव घालत होता.

बा.डॉ.चं वर्ष संपत आलं. पुढे कुठे जाणार विचारलं, तर म्हणाली, माणसांच्या आणि जनावरांच्या दवाखान्यांची सांगड घालायचं शिक्षण असतं, ते करणार. म्हटलं, असलं शिक्षण असतं? मग आधी का नाही पाठवलं कोणाला?

१२ मार्च

पूनमच्या सासूचा फोन. पहिल्यांदा तिने केला.

"आजी, पोरगी रडते म्हायेर म्हायेर करून. पन तुमच्याकडे धाडायची नाय, तो चुना अजून वला हाय. मंग तुमीच या ना इकडं. बालंतपन होईस्तवर ऱ्हावा. म्हायेर इकडं आनू."

आमच्याकडे मुलीच्या सासरी पाणी पीत नाहीत. नातीच्या तर लांबच. दिलीपला सांगितलं तर तो म्हणतो, आई, लोक काय म्हणतील. म्हटलं, लोकांनी मला टीबी लावला होता, अजून काय म्हणायचं उरलंय त्यांचं.

पिशवी भरली. दोन साड्या, लाल गोळ्या, आणि दूध उकळायचं जाड बुडाचं पातेलं. त्यांच्याकडे असेल. तरी घेतलं.

१५ मार्च, माकुणसार

पोचले. पाणी प्याले, पहिल्यांदा. गोड आहे इथलं.

पूनम पायाला तेल लावू देते, मग म्हणते, तुझेच पाय दे आजी, तुझे जास्त सुजलेत. दोघी सारख्याच, गोळ्या खाणाऱ्या. जेवण झालं की सासू दोघींच्या तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते, शाळेतल्या बाईसारखी.

पूनमचा रिपोर्ट मंगळवारी.

आता आडवी झाले होते तर पूनमने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "लाथा मारतंय बघ. बोल ना त्याच्याशी." मी काय बोलणार, मला लाडिक बोलता येत नाही.

म्हटलं, मार. जे काय असशील ते, मार. मंगळवारपर्यंत झोपू नकोस.